वंशावळ संगणकावर : लेखांक ४
लिनक्सवर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

गेल्या आठवड्यात आपण कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल कशी वाचायची ते पाहिले. ती नक्कल, बंदोबस्त मिसलीची पाने आणि शाळेचा दाखलखारीज उतारा हाती आला, की पुढचा प्रश्न उभा राहतो : हे ठेवायचे कुठे? विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यावर ज्यांनी जुन्या संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घालून घेतले, त्यांच्यासाठी आजचा लेख.

फुकट मिळणारे पर्याय मोजकेच, पण चांगले आहेत. वेबट्रीज चालवायला सर्व्हर लागतो. पुण्या-मुंबईत पांगलेल्या चुलतभावंडांनी मिळून काम करायचे असेल तरच त्याच्या वाटेला जा. एन्सेस्ट्रिसला जावा लागते, पण ते घरच्या संगणकावर नीट चालते. फ्रान्समध्ये जन्मलेले जेनेवेब मोठ्या वंशावळीही झपाट्याने हाताळते, मात्र नवख्याला जड जाते. माझा कौल ग्रॅम्प्सला. २००१ पासून स्वयंसेवक ते घडवत आले आहेत आणि मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ते सरळ बसवता येते. तिथली आवृत्ती जुनी वाटली, तर फ्लॅटपॅकची घ्या.

कौल असा का, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, गिरडची लेक हिंगणघाटात दिली. लग्नात तिचे नाव बदलले. माहेरच्या कोतवाल बुकात पुष्कळदा बापाच्या नावापुढे नुसते ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते. जातपडताळणीसाठी आपण जी वंशावळ काढतो, ती बापाकडून मुलाकडे उतरते, त्यामुळे ही बाई त्यातून साफ गळते. ग्रॅम्प्समध्ये तिचे जन्मनाव मुख्य नाव म्हणून लिहा, सासरचे नाव ‘विवाहानंतरचे’ या प्रकारात जोडा आणि दोन्हींना आपापला पुरावा वेगळा लावा. दत्तक मुलाला जन्मदाते आणि दत्तक घेणारे, असे दोन्ही आईबाप दाखवता येतात. कोणतेही सॉफ्टवेअर निवडताना मी आधी हेच तपासतो : प्रत्येक नावामागे कागद उभा करता येतो का?

गावाच्या बाबतीतही ग्रॅम्प्स उजवे आहे. भारताचा त्रिकोणमितीय सर्व्हे चालवणारा विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटात वारला, तेव्हा हे गाव नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १८६२ मध्ये वर्धा जिल्हा निघाला. पुढे मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. ग्रॅम्प्समध्ये गाव एकदाच नोंदवायचे आणि ते कोणत्या काळात कशात मोडत होते, हे तारखांसह लावायचे. पणजोबांचा १९४० चा जन्म ‘महाराष्ट्रात’ लिहिला जाण्याची चूक मग होत नाही.

उणिवाही आहेत. त्यातल्या पंचांगांत शके नाही. तेव्हा इंग्रजी तारीख लिहून मूळ तिथी टिपणात ठेवा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कागदाचा फोटो तुम्ही जोडता, तेव्हा ग्रॅम्प्स फक्त त्या फाइलचा पत्ता लक्षात ठेवते. फोल्डर हलवले की फोटो हरवला. म्हणून सगळे स्कॅन एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत काढताना ‘ग्रॅम्प्स एक्सएमएल पॅकेज’ निवडा. त्यात फोटोही येतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरला माहिती द्यायची झाली, तर जेडकॉम फाइल काढता येते. १९८४ पासून चालत आलेला हा साचा बहुतेक सगळी वंशावळ सॉफ्टवेअरे वाचतात. मात्र गावांची अशी काळानुसार मांडणी त्यात पूर्ण उतरत नाही, म्हणून मूळ पॅकेज जपाच.

देवनागरीत टंकायला इन्स्क्रिप्ट कळफलक पुरतो. सगळे घराणे भरण्याआधी दोन-चार नावांचा पीडीएफ अहवाल काढून जोडाक्षरे तपासा.

या आठवड्यात आजीपासून सुरुवात करा : तिचे माहेरचे नाव, माहेरचे गाव, आईवडील आणि हे सांगणारा कागद किंवा माणूस कोण, ते लिहा. आजी हयात असेल तर तिच्याजवळ बसूनच भरा. पॅकेजची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन नातेवाइकाच्या घरी ठेवायला द्या. पुढच्या लेखांकात मोडी कागदांचे स्कॅनिंग.