चौकोनी नळांतील वाऱ्याचें माप

शस्त्रक्रियागृहांत जंतुदोषाचा धोका कमी राहावा म्हणून तेथील हवा तासास साधारणपणें वीस वेळां बदलली जावी, असा दंडक हल्लीं पाळला जातो. सहा मीटर लांब, तितकेंच रुंद व तीन मीटर उंच अशा दोन दालनांस या हिशोबानें तासास ४३२० घनमीटर हवा लागते. ती पत्र्याच्या चौकोनी नळांतून येते. कारागीर त्यांस ‘डक्ट’ म्हणतात. परंतु इतकी हवा खरोखरच येत आहे, हें ओळखावें कसें? धान्य पायलीनें मोजतां येतें. वारा कांहीं पायलींत भरून ठेवतां येत नाहीं. त्याचा वेग मोजावा व नळाच्या छेदाच्या क्षेत्रफळानें त्यास गुणावें, हाच नेहमींचा मार्ग. ६० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच नळाचें क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर. त्यांतून वारा सेकंदास ५ मीटर वाहिला कीं तासाचे बरोबर ४३२० घनमीटर भरतात. हा गुणाकार शाळकरी मुलासही येईल. खरी मेख आहे ती त्या दोन आंकड्यांतच.

वेग मोजण्याचें साधन जुनें आहे. १७३२ सालीं हेन्री पितो या फ्रेंच गृहस्थानें वांकविलेली कांचेची नळी सेन नदींत धरून प्रवाहाचा वेग मोजला. खोल पाणी अधिक वेगानें वाहतें, ही त्या काळची समजूत त्यानें त्यामुळें खोटी ठरविली. पितो-नळीचें एक तोंड वाऱ्याच्या समोर असतें, तर बाजूच्या बारीक छिद्रांवर नुसता स्थितिदाब येतो. दोन्ही दाबांतील फरक पाण्याच्या मिलिमीटरांत घ्यावा, त्याचें वर्गमूळ काढावें व त्याची चौपट करावी. वेग जवळजवळ बरोबर येतो. सेकंदास ५ मीटर वेगाला हा फरक अवघा दीड मिलिमीटर भरतो! म्हणूनच दाबमापकाची नळी तिरपी ठेवीत. दहास एक चढ दिला कीं दीडाचे पंधरा मिलिमीटर दिसतात. आतां विजेवर चालणारीं मापकें आलीं आहेत, तरी वारा फारच मंद असल्यास पितो-नळी उपयोगाची नाहीं; तेथें तप्त तारेचें वेगमापक घ्यावें लागतें.

मात्र वारा नळांत सर्वत्र सारखा वाहत नाहीं. मध्यभागीं तो जोरांत असतो, भिंतीलगत व कोंपऱ्यांत अडखळतो, आणि वळणानंतर तर एकाच बाजूस लोटला जातो. म्हणून वळणापासून, नळाच्या समतुल्य व्यासाच्या निदान साडेसात पट पुढें मोजावें. वरील नळाचा हा व्यास ४८ सेंटिमीटर, म्हणजे अंतर सुमारें साडेतीन मीटर झालें. तेथेंही एका ठिकाणीं मोजून भागत नाहीं. छेदाचे पंचवीस समान चौकोन पाडून प्रत्येकाच्या मध्यावर मोजण्याची रीत सोपी खरी, पण तिच्यांत भिंतीलगतचा मंद वारा पुरेसा हिशोबांत येत नाहीं व उत्तर थोडें फुगतें. लॉग-चेबिशेव्ह नांवाच्या रीतींत बिंदू भिंतीच्या अधिक जवळ सरकवितात: ६० सेंटिमीटर रुंदींत ४.४, १७.३, ३०, ४२.७ व ५५.६ सेंटिमीटरांवर.

यापुढची चूक शिकलेल्या माणसांच्या हातूनही होते. पंचवीस दाबांची सरासरी काढून मग तिचें एकच वर्गमूळ घेतात. समजा, अर्ध्या छेदांत वेग १० मीटर आहे आणि अर्ध्यांत २. खरी सरासरी ६. दाबांच्या सरासरीवरून मात्र ती ७.२ निघते. प्रत्येक दाबाचा वेग आधीं काढावा, सरासरी मागाहून.

क्षेत्रफळाची फसवणूक याहूनही साधी, आणि म्हणूनच अधिक घातक. नळाच्या आंत अडीच सेंटिमीटर जाडीचें अस्तर असेल, तर बाहेरून ६० × ४० दिसणारा नळ आंतून ५५ × ३५ असतो. वेग अचूक मोजूनही कागदावर वीस वेळां बदललेली हवा प्रत्यक्षांत सोळाच वेळां बदलते.

पुण्यासारख्या उंचावरच्या शहरीं आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तेथील हवा मुंबईपेक्षां सुमारें सहा टक्के विरळ असल्यामुळें, समुद्रसपाटीच्या हवेसाठीं सांगितलेली ती चौपट पुण्यांत खऱ्या वेगाहून सुमारें तीन टक्के कमी आंकडा देते.