नजर जाण्याआधी जग पाहून घेणारं कुटुंब

कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे एडिथ लेमे आणि सेबास्टियन पेलेटिए मार्च 2022 मध्ये चार मुलांना घेऊन जगप्रवासाला निघाले. नामिबिया, टांझानिया, तुर्की, मंगोलिया असे देश त्यांनी पाहिले. ही नुसती हौस नव्हती. चौघांपैकी तिघांना रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांचा आनुवंशिक आजार आहे. नजर आहे तोवर हत्ती पुस्तकात नको, खराखुरा दाखवू, असं आईनं ठरवलं.

या आजारात डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू मरतात. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूची नजर आकसत जाते. बहुतेक प्रकारांवर अजून इलाज नाही.

आपण यातून काय घ्यायचं? काही प्रकारांत आई-वडील निरोगी असतात, पण दोघांकडे तेच सदोष जनुक असतं. मग प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता 25 टक्के. नात्याबाहेरच्या लग्नातही हे घडतं. चुलत-मामे-मावस भावंडांच्या लग्नात धोका वाढतो. आपल्यात अशी नाती जुळतात. म्हणून घराण्यात कुणाची नजर अशी गेली असेल, तर निकाहाची बोलणी करण्याआधी जनुकीय सल्ला घेऊ या.

आणि मगरिबनंतर मूल सारखं अडखळत असेल, तर वेंधळं म्हणून ओरडू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या. लवकर कळलं तर तयारीला वेळ मिळतो.