लाल-पांढऱ्या पट्ट्यांमागे पळताना

फ्रान्स म्हटलं की आयफेल टॉवर, परफ्यूम आणि वाइन! पण पॅरिसहून गाडीने तीनेक तासांवर एक असं जंगल आहे, जिथे यातलं काहीच नाही. आहे ती फक्त पायवाट. तीही हरवू शकते बरं का!

खरं सांगते, मोर्वाँ हे नाव मी पॅरिसला जाईपर्यंत ऐकलंसुद्धा नव्हतं. कंपनीने सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर पाठवलं, तेव्हा पुण्याहून निघताना बॅगेत रनिंग शूज टाकले होते. सेन नदीच्या काठाने पळून पळून कंटाळा आला. एक दिवस कॉफी मशीनपाशी ऑफिसातला एकजण म्हणाला, "सपाटीवर काय पळतेस? मोर्वाँला जा."

नोव्हेंबरात चार दिवसांची सुट्टी जुळवली आणि गेले.

मोर्वाँ म्हणजे बर्गंडीतला ग्रॅनाइटचा डोंगराळ पट्टा. १९७० पासून हा प्रादेशिक निसर्ग उद्यान म्हणून जपलेला भाग आहे. सगळ्यात उंच टोक ओ-फोलँ, उंची ९०१ मीटर. मी मनात म्हटलं, हॅ! एवढंच? आपला सिंहगड याच्यापेक्षा कितीतरी उंच. पण सिंहगडाचं कसं, एकदा चढलं की कांदाभजी, ताक आणि विषय संपला. इथे तसं नाही. चढ, उतार, ओढा, परत चढ. ओक आणि बीचच्या पानांचा गुडघ्यापर्यंत खच, त्याखाली लपलेली मुळं आणि शेवाळलेले दगड. पहिल्याच दिवशी दोनदा आपटले. पुण्यात ज्या वेळात दहा किलोमीटर होतात, तेवढ्यात इथे कसेबसे सहा झाले.

खुणांची भाषा

मी राहिले होते सेतों तलावाजवळच्या गावात, एका आजींच्या घरातल्या भाड्याच्या खोलीत. आजी सत्तरीच्या, इंग्रजी यथातथाच. पण पहिल्या संध्याकाळी त्यांनी कागद घेऊन मला चक्क शिकवणीच दिली. झाडावर पांढरा पट्टा आणि त्याखाली लाल, म्हणजे लांब पल्ल्याची 'जीआर' वाट. मोर्वाँमधून जाते ती जीआर १३. नुसता पिवळा पट्टा म्हणजे छोटी, स्थानिक वाट. आणि फुली दिसली, तर ती वाट तुझी नव्हे. अशा वाटा आखायला १९४७ मध्ये सुरुवात झाली आणि आजही स्वयंसेवक रंगाचा डबा, ब्रश घेऊन त्या रंगवत फिरतात.

"आणि बराच वेळ खूण दिसली नाही, तर पुढे जायचं नाही," आजींनी बजावलं. "शेवटच्या खुणेपर्यंत मागे यायचं. कळलं?"

मी 'वी, वी' म्हणत मान डोलावली.

या जंगलाला खुणा नव्या नाहीत. १६व्या शतकापासून पॅरिसच्या चुली पेटायच्या त्या इथल्या सरपणावर. ओंडके ओढ्यांत सोडायचे, ते क्यूर आणि योन नद्यांतून वाहत राजधानीकडे निघायचे. कुठला ओंडका कुठल्या व्यापाऱ्याचा हे कळावं म्हणून प्रत्येकावर हातोड्याने छाप मारलेला असे. सेतोंचा तलावसुद्धा निसर्गाने दिलेला नाही. १८५८ मध्ये पुऱ्या झालेल्या धरणाचा तो आहे. साठवलेलं पाणी सोडून ओंडके वाहून न्यायचे, यासाठी बांधलेलं धरण!

...आणि मी चुकले

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला निघाले. दीड तासात परत, असा हिशोब. पाऊण तासाने जंगल एकदम संपलं. समोरचा अख्खा उतार बोडका, नुसते बुंधे आणि यंत्रांच्या चाकांच्या चऱ्या. मोर्वाँची ही दुखरी नस आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे सरकारी मदतीने डग्लस फरची लागवड झाली. झाड मूळचं उत्तर अमेरिकेतलं, वाढतं झपाट्याने, तयार झालं की सगळा डोंगर एकदम साफ. जुनं पानझडी जंगल वाचावं म्हणून इथल्या लोकांनी पैसे जमवून त्याचे तुकडेच विकत घेतलेत.

हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं, की पट्टे असलेली झाडंच जागेवर नाहीत. समोर यंत्रांचा रुंद रस्ता होता, उताराचा. पायांना काय, उतारच हवा! घड्याळात चार दिवसांतला बेस्ट स्पीड दिसत होता आणि मी खूश.

रस्ता डग्लसच्या रांगांत शिरला. आत अंधार, पक्षी नाही, पाखरू नाही. प्रत्येक रांग आधीच्या रांगेसारखी. वीस मिनिटं झाली, एकही खूण नाही. मोबाइलला रेंज नाही आणि थंडीने बॅटरीनेही मान टाकलेली. साडेचार वाजत आलेले, पाचनंतर अंधार. तेवढ्यात लांबून बंदुकीचा आवाज आला. शिकारीचा मोसम! आणि माझ्या अंगात काळं जॅकेट.

डोकं सांगत होतं, पुढे चल, उतार आहे म्हणजे खाली रस्ता असणारच. इतकं पळून आलेलं परत चढायचं? ऑफिसातही माझं असंच. चुकीच्या दिशेने आठवडा घातला, की मागे फिरण्यापेक्षा दुसरा आठवडा घालते.

पण आजींचं 'कळलं?' आठवलं आणि वळले. तो चढ आयुष्यात विसरणार नाही. छाती फुटायची वेळ आली, डोळ्यांत पाणी. बोडक्या उताराच्या वरच्या टोकाला एका दगडावर शेवटची खूण सापडली. तिथे उभी राहून नीट पाहिलं, तर पलीकडच्या काठावरच्या एका बीचवर अंधुकसे लाल-पांढरे पट्टे!

घरी पोचले तेव्हा मिट्ट काळोख होता. आजी दारातला दिवा लावून उभ्या. रागावल्या नाहीत. बटाट्याचं गरम सूप पुढ्यात ठेवलं आणि खुंटीवरचं नारिंगी जाकीट काढून माझ्या बुटांवर ठेवलं.

दुसऱ्या सकाळी ते घालून मुद्दाम तिथेच गेले. यंत्रांच्या रस्त्याच्या तोंडाशी, ठसठशीत दगडावर, लाल-पांढरी फुली होती. आदल्या दिवशी मी तिच्या शेजारूनच पळाले होते. घड्याळात बघत.

तुम्हाला जायचंय?

* पॅरिसच्या बर्सी स्टेशनवरून अव्हालोंला रेल्वे आहे. पुढे बस फारशा नाहीत, गाडी भाड्याने घ्या.
* पहिल्याच दिवशी हीरो होऊ नका. सेतों तलावाची फेरी सोपी आहे.
* इतिहास आवडतो? माँ बव्रे डोंगरावर बिब्राक्त हे गॉल लोकांचं प्राचीन नगर आहे. इ.स.पू. ५२ मध्ये वेर्सिंजेतोरिक्सला सीझरविरुद्धचं नेतृत्व इथेच मिळालं.
* शरद आणि हिवाळ्यात शिकार चालते. भडक रंग घाला, शिकारीची पाटी दिसली की वाट बदला. उन्हाळ्यात गोचिडी असतात, परतल्यावर पाय तपासा.
* कागदी नकाशा, शिट्टी, टॉर्च न्या. इमर्जन्सी नंबर ११२.
* आणि हो, निघताना घरमालकिणीला वेळ सांगून जा. दिवा लावून कुणीतरी वाट बघणारं असलेलं बरं!