समुद्राच्या तळातून आकाशाचा शोध

मंडळी, दुर्बीण म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते. पण आजची दुर्बीण आहे भूमध्य समुद्रात, सिसिलीजवळ, सुमारे ३,५०० मीटर खोल. तिचं नाव आर्का.

प्रश्न जुना आहे. अवकाशातून किरणांचा मारा होतो, हे १९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी दाखवलं. हे किरण म्हणजे मुख्यतः विद्युतभारित कण, हे नंतर कळलं. पण हे कण येतात कुठून? वाटेतली चुंबकीय क्षेत्रं त्यांना वळवतात, त्यामुळे आलेल्या दिशेवरून मूळ गाव कळत नाही. न्यूट्रिनोला मात्र विद्युतभारच नाही. तो सरळ येतो. अडचण एवढीच, की तो कशाशी फारसा बोलतच नाही!

म्हणून अफाट पाणी लागतं. क्वचित एखादा न्यूट्रिनो धडकतो आणि म्यूऑन नावाचा कण निघतो. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो. म्यूऑन त्याहून वेगानं जातो आणि मागे निळसर चेरेंकोव्ह प्रकाश सोडतो. काचेच्या प्रत्येक गोळ्यात ३१ प्रकाशसंवेदक असतात. कुठल्या गोळ्याला प्रकाश आधी दिसला, कुठल्याला नंतर, यावरून दिशा काढतात.

आता गोंगाट बघा. वातावरणात तयार झालेले म्यूऑन वरून येतच असतात. पण पृथ्वी पार करून खालून म्यूऑन येऊ शकत नाही. न्यूट्रिनो येऊ शकतो. म्हणजे अख्खी पृथ्वी आपली चाळणी! तरी वातावरणातले न्यूट्रिनो या चाळणीतून सुटतातच. मग एकाच बिंदूकडून अनेक न्यूट्रिनो यावे लागतात, किंवा एखादा प्रचंड ऊर्जेचा.

तसा एक आला, १३ फेब्रुवारी २०२३ रोजी. अंदाजे ऊर्जा २२० पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे जिनिव्हाच्या महाकाय यंत्रातल्या प्रोटॉनच्या सुमारे तीस हजार पट. तो जवळजवळ क्षितिजाला समांतर आला. तेही साहजिकच, कारण एवढ्या ऊर्जेचा न्यूट्रिनो पृथ्वीच्या पोटात अडकून पडतो.

मग स्रोत सापडला का? नाही. दिशेतली अनिश्चितता सुमारे दीड अंश, आणि पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा. तेवढ्या तुकड्यात अनेक क्रियाशील दीर्घिका बसतात. संशयित पुष्कळ, साक्षीदार एकच. म्हणून समुद्रात आणखी साखळ्या सोडायच्या, आणि त्याच दिशेकडून दुसरा येतो का, याची वाट बघायची.