लायसन मिळाले, आता वेगाचे काय?

दवाखान्यात पालक येतात ते तापासाठी, खोकल्यासाठी. औषधाची चिठ्ठी हातात पडली, की उठता उठता खरा प्रश्न निघतो. अलीकडे हा प्रश्न वारंवार कानावर येतो. "डॉक्टर, पोराला अठरा पूर्ण झाली. लायसनही आले. कॉलेज विश्रामबागला, क्लास मिरजेला. मोटारसायकल घेऊन द्यावी म्हणतो. पण पोरगं बुंगाट मारतंय. नव्या लायसनवाल्याला सरकारने वेगाची काही मर्यादा घातली आहे का?"

सरळ उत्तर आहे, नाही. आपल्या देशात शिकाऊ परवाना आहे आणि पक्का परवाना आहे. मधली पायरी नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी देता येते. तोवर गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल रंगाचे इंग्रजी 'एल' अक्षर लावावे लागते. दुचाकी असेल तर शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. मग आरटीओच्या मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढायचा, पाय न टेकता. पाय टेकला नाही की पास. त्याच दिवशी 'एल'ची पाटी निघते, मागच्या सीटवर मित्र बसतो आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरपर्यंत जाण्याची कायदेशीर मुभाही मिळते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकीची कमाल मर्यादा तेवढी आहे. शहरात आणि इतर रस्त्यांवर ती ६०. चाळीस वर्षे गाडी चालवणाऱ्याला जी मर्यादा, तीच कालच्या पोराला.

आठचा आकडा माणूस चालतो त्या वेगाने काढतात. त्यावरून तोल कळतो. पण समोर उसाचे दोन डबे लावलेला ट्रॅक्टर आहे, त्याला मागे दिवा नाही, पलीकडून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश डोळ्यांवर आहे, अशा वेळी हा मुलगा काय करील, हे त्यावरून कळत नाही.

वैद्यकीय दाखल्याची गंमत पाहा. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला परवान्यासाठी डॉक्टरचा 'फॉर्म १-ए' लागतो. त्यासाठी लोक माझ्याकडे येतात. मी डोळे, कान, रक्तदाब तपासतो आणि सही करतो. अठरा वर्षांच्या मुलाला मात्र 'फॉर्म १' पुरतो. तो स्वतःच भरायचा. फिट येते का, २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, याची उत्तरे स्वतःच द्यायची आणि खाली स्वतःच सही करायची. मुले ती न वाचताच करतात. चष्म्याचा नंबर आहे हे ज्याच्या गावी नाही, तोही 'वाचता येते' असेच लिहितो. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की लायसनला अर्ज करण्यापूर्वी मुलाचे डोळे तपासून घ्या. लहानपणी फिट येत असेल तर ते लपवू नका. गाडीवर फिट आली तर ती लपत नाही.

आता वेग. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शंभरातली सुमारे ७१ अतिवेगाच्या अपघातांत गेली. आणि जगभर पाच ते एकोणतीस वर्षे वयात मृत्यूचे पहिले कारण रस्त्यावरचा अपघात हे आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डेंग्यू म्हटले की आपण पाण्याची पिंपे उलटी करतो. एवढी धास्ती या रोगाची घेत नाही.

गणित सोपे आहे. ताशी ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० च्या वेगाने जवळजवळ १७ मीटर. समोर कुत्रे आले हे डोळ्याला दिसणे, मेंदूला कळणे आणि पायाने ब्रेक दाबणे यांत सेकंदभर तरी जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच १७ मीटर संपले. आदळण्याचा जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. शाळेत हे सगळ्यांनी पाठ केलेले असते. दवाखान्यात मी ते दुसऱ्या तऱ्हेने सांगतो. ४० च्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडणे. ६० च्या वेगाने आदळणे म्हणजे चौथ्या मजल्याच्याही वरून पडणे. हे ऐकून बाप गप्प होतो. पोरगा हसतो, कारण त्याला ते खरे वाटत नाही.

त्याला खरे का वाटत नाही, याचेही कारण शरीरात आहे. धोका तोलणे, मोह आवरणे, पुढचा विचार करणे ही कामे मेंदूच्या पुढच्या भागाची. हा भाग सर्वांत शेवटी पक्व होतो, विशीच्या मध्यापर्यंत त्याची वाढ चालू असते. गंमत वाटणे, थरार वाटणे हे मात्र त्याच्या कितीतरी आधी जागे झालेले असते. त्यात मागे मित्र बसला की भर पडते. एकटा मुलगा सिग्नलला थांबतो, दोघेतिघे असले की तोच मुलगा निघून जातो. यात पोर वाईट आहे असे काही नाही.

त्यात नवखेपणा. वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्याची नजर लांब असते. उभ्या एसटीच्या पुढून कोणीतरी धावत येणार, हे त्याला आधीच कळते. नवख्याची नजर पुढच्या चाकाच्या आसपास. म्हणूनच परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे.

ज्या देशांनी हे ओळखले, त्यांनी मधली पायरी बांधली. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचा परवाना आणला. दुसऱ्या टप्प्यावरच्या मुलाला रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायला बंदी, आणि जाणत्या चालकाशिवाय मित्रांना बसवायलाही बंदी. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात पंचविशीच्या आतल्या शिकाऊ कारचालकाला साधारणपणे १२० तास देखरेखीखाली गाडी चालवून त्याची वही भरावी लागते. चाचणी पास झाल्यावर गाडीला लाल 'पी'ची पाटी आणि वेग ९० च्या आत, मग हिरवा 'पी' आणि वेग १०० च्या आत. रस्त्याची मर्यादा ११० असली तरी हेच. दारूचा एक थेंबही चालत नाही. शिवाय लाल पाटीवाल्याने वेगाची मर्यादा एकदा जरी मोडली, तरी परवाना किमान तीन महिने निलंबित होतो. फ्रान्समध्ये महामार्गावर इतरांना १३०, नवख्याला ११०. ब्रिटनने वेगाला हात लावला नाही, शिक्षेला लावला. १९९५ च्या कायद्याने, जो १९९७ पासून अमलात आला, पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण झाले की परवाना रद्द. पुन्हा शिकाऊ परवान्यापासून सुरुवात.

आपल्याकडे दंड आहेत, पण ते सर्वांना सारखे. अतिवेगाबद्दल हलक्या वाहनाला कायद्यात हजार ते दोन हजार रुपये दंड आहे. माझ्या मते अठरा वर्षांच्या मुलाला हा दंड लागूच पडत नाही, कारण तो बाप भरतो. मुलाला लागतो तो गाडी बंद होण्याचा दंड. तीन महिने परवाना गेला, की सायकलवरून कॉलेजला जाताना त्याला सगळे आठवते.

अठराच्या आतल्यांसाठी मात्र आपला कायदा २०१९ च्या दुरुस्तीने चांगलाच कडक झाला आहे आणि पुष्कळ घरांत तो माहीत नाही. अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून मिळालेल्या जामिनावरून देशभर गदारोळ झाला, तेव्हा हे कलम लोकांनी पहिल्यांदा ऐकले. पुण्याची मोटार कोट्यवधींची होती. आपल्या बामणोली-कुपवाडच्या रस्त्यावर तेच काम आईची स्कूटर करू शकते. नववीतली मुले त्यावरून तिघे तिघे क्लासला जाताना मी रोज पाहतो.

"पण सोळाव्या वर्षी परवाना मिळतो ना?" मिळतो, पण ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी. तो नियम लुनाच्या काळातला. आज दुकानातली साधी स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची असते. ५० सीसीची पेट्रोल गाडी आता शोधून सापडत नाही. म्हणजे सोळा वर्षांचा परवाना खिशात असूनही घरची स्कूटर चालवणे बेकायदाच. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, कमी ताकदीच्या काही विजेच्या गाड्यांना परवाना लागत नाही हे खरे, पण दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, कागद पाहा.

सरकार मधली पायरी बांधेल तेव्हा बांधो. घरात ती आजच बांधता येते. औषधाचा डोस जसा हळूहळू वाढवतात तसे करावे. लायसन मिळाल्यावर पहिले तीन महिने दिवसाउजेडीच गाडी, मागे कोणी नाही, काटा ४० च्या वर नाही, महामार्ग नाही. आठवड्यातून दोनदा तरी बापाने, आईने किंवा थोरल्या भावाने मागे बसून जावे आणि तोंड शक्यतो बंद ठेवावे. मग तीन महिने अंधार पडल्यावरचा ओळखीचा रस्ता, मागे घरचेच माणूस. पावसात गाडी चालवणे वेगळे शिकवावे. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते आणि जुने चालकही घसरतात. वर्ष नीट गेले तर ६० आणि मित्र. नियम मोडला तर ओरडू नये, मारू नये. पंधरा दिवस चावी कपाटात. आजीने मध्ये पडून ती काढून द्यायची नाही, हेही आधी ठरवावे. बहुतेक घरांत कायदा तिथेच मोडतो.

हेल्मेट पहिल्या दिवसापासून, आणि बापाच्या डोक्यावर आधी. चांगल्या हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. पट्टा लावलेला असला तर. आरशाला अडकवलेले हेल्मेट आरशाचे रक्षण करते.

मुलगा गाडीवर आहे हे माहीत असताना "कुठे पोहोचलास?" म्हणून फोन करू नका. तो उचलतो. एमआयडीसीत रात्रपाळी करणारी अठरा-वीस वर्षांची मुले सकाळी पाळी सुटल्यावर मोटारसायकलवरून गावाकडे निघतात. झोपेचा झटका दारूइतकाच वाईट. तोंड धुऊन, अर्धा तास डुलकी काढून निघावे, किंवा एसटीने जावे. सर्दीच्या पुष्कळशा गोळ्यांनी गुंगी येते. गोळी घेतली तर त्या दिवशी गाडी नको.

एवढे करूनही अपघात होतात. रस्त्यात कोणी पडलेले दिसले तर १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जाते. मान वाकडीतिकडी हलवू नका, रिक्षात मुटकुळे करून कोंबू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. मांडीचे हाड मोडले तर बाहेर थेंबही न दिसता आत लिटर-दीड लिटर रक्त साठू शकते. म्हणून 'रक्त आले नाही' यावर विसंबू नये. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, नाव सांगायची सक्ती करू नये, असे संरक्षण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि आता ते कायद्यातही आहे.

राहता राहिला तो प्रकार, जो माझ्यासारख्या डॉक्टरला सर्वांत जास्त घाबरवतो. मुलगा गाडीवरून पडतो, डोक्याला मार लागतो, मिनिटभर भोवळ येते. मग तो उठतो, कपडे झाडतो, गाडी घेऊन घरी येतो. मार बसेल म्हणून कोणाला सांगत नाही. जेवतो, झोपतो. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये एखादी रक्तवाहिनी फुटलेली असते. रक्त हळूहळू साठत जाते आणि मेंदू दाबला जातो. मधले हे काही तास तो अगदी ठीक दिसतो. म्हणून मुलांना एवढे सांगून ठेवा, की पडलास तर आधी घरी सांग, रागवणार नाही. आणि डोक्याला मार लागल्याचे कळले तर लगेच डॉक्टरला दाखवा, पुढचे चोवीस तास लक्ष ठेवा, रात्री दर दोन तासांनी उठवून नाव, गाव विचारा. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, बोलणे असंबद्ध झाले, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, फिट आली, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आले, किंवा नेहमीपेक्षा गाढ झोपला आणि हाक मारून उठेना, तर माझा दवाखाना उघडण्याची वाट पाहू नका. रात्रीच सीटी स्कॅनची सोय असलेल्या मिरजेच्या किंवा सांगलीच्या रुग्णालयात न्या.