काश्मीरला वसंत येतो तेव्हा

आपल्याकडे वसंत येतो म्हणजे काय होते? पळस पेटतो, आंब्याला मोहोर येतो, कोकिळ पहाटे गळा काढतो आणि आपण पंखा सुरू करतो. थंडीला आपण कंटाळलेले नसतोच. उलट आणखी चार दिवस राहिली असती तर बरे, असे म्हणत आपण स्वेटर ट्रंकेत टाकतो. वसंताची वाट पाहणे म्हणजे काय, ते मला कळले श्रीनगरला. नोकरीच्या निमित्ताने २०२२ सालचा हिवाळा आणि २०२३ चा वसंत मी तेथे काढला.

तेथल्या थंडीला स्वतःचे पंचांग आहे. २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलाँ’ बसते, ती ४० दिवसांची. मग २० दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी १० दिवसांची ‘चिल्लई बच्चा’. थोरली, धाकटी आणि शेंडेफळ! पण शेंडेफळही काही कमी द्वाड नसते. झेलमच्या काठी, हब्बाकदलजवळच्या एका जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर मी राहत होतो. नळात पाणी गोठे. फिरनच्या आत, पोटाशी, कांगडी धरून बसायचे. वाळुंजाच्या काड्यांच्या टोपलीत बसवलेली ही मातीची शेगडी म्हणजे काश्मिरी माणसाचा दुसरा जीवच. जेवायला उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली वांगी नि दुधी. घरमालक सत्तरीतले, धंद्याने रफूगर. मी त्यांना चाचा म्हणे, ते मला ‘जनाब’ म्हणत. फेब्रुवारीत मी एकदा थंडीच्या नावाने बोटे मोडली, तेव्हा हातातली सुई न थांबवता ते म्हणाले, “जनाब, चिल्लईला शिव्या देऊ नका. ती डोंगरावर बर्फ साठवते, म्हणून आम्ही उन्हाळ्यात पाणी पितो.”

मार्चच्या मध्यावर बातमी आली की, बदामवारीला बहर आला. हरिपर्वताच्या पायथ्याची ही बाग. बदामाच्या झाडांना पान म्हणून नाही, आणि फांदीन्‌फांदी पांढऱ्यागुलाबी फुलांनी लगडलेली. सारे श्रीनगर तेथे लोटते. गर्दीचे वर्णन करीत नाही. आपण तळ्यातल्या गणपतीची पाहिली आहे. मधमाश्या मात्र त्या गर्दीतही आपले काम सोडीत नव्हत्या.

शहराच्या वेशीवरच्या होकरसरला मात्र वसंताचा अर्थ उलटा. तेथे तो निरोपाचा ऋतू. हिवाळाभर त्या पाणथळीत उत्तरेकडून आलेली बदके नि हंसक यांचा मेळा असतो. मी गेलो तेव्हा तलवार बदके आणि थापटे थव्याथव्यांनी उठत, एक घिरटी घालीत आणि पुन्हा उतरत. प्रवासाला निघालेली माणसे कुलूप ओढून पाहायला परत फिरतात ना, तशी! आठवड्याभराने पाहिले तर निम्मे पाणी मोकळे.

दाचीगामच्या जंगलात परवाना काढून गेलो तो हंगुलासाठी. काश्मीरचे हे बारशिंगे जगात इतरत्र जवळजवळ नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ते हजारांनी होते. १९७० च्या सुमारास दीडशेच्या आसपास उरले. २०२३ च्या मोजणीत २८९ भरले. एवढी संख्या आपल्याकडच्या एखाद्या लग्नाच्या पंगतीची! हिवाळ्यात हे प्राणी खालच्या दरीत असतात नि बर्फ मागे सरेल तसतसे वर चढतात. वनरक्षकाने खांद्याला स्पर्श करून समोरचा उतार दाखवला. वितळत्या बर्फाच्या कडेने कोवळे गवत फुटले होते आणि त्यावर सात माद्या चरत होत्या. त्यांच्यामागे एक नर, एकाच शिंगाचा! वसंतात नराची शिंगे गळून पडतात. याचे एक गळले होते, दुसरे अजून डोक्यावर. मान एका अंगाला कलती करून तो अशा रुबाबात उभा होता, की हसू आले नि लगेच आवरावेसे वाटले. खाली दगवान नाला धडधडत होता. हेच पाणी हारवनच्या तलावातून श्रीनगरच्या नळांना जाते. चाचांचे बोलणे मला तेथे आठवले.

पण माझा खरा वसंत घरातच यायचा होता. जिन्याच्या छताच्या तुळईला मातीचे एक घरटे होते, त्याखाली चाचांनी एक फळी ठोकली होती. घाण पायऱ्यांवर पडू नये म्हणून. मार्चच्या अखेरीस एके सकाळी जिन्यातल्या खिडकीची एक काच त्यांनी काढून ठेवली. अजून कडक गारठा होता. धाकटा मुलगा वैतागला. त्याला सगळ्या खिडक्या काढून नव्या घट्ट चौकटी बसवायच्या होत्या. पैसेही तोच घालणार होता.

“अब्बा, घरात आजारी माणूस आहे. पाखरांसाठी वारा आत घ्यायचा?”

“आजारी माणूस तुझी आई आहे,” चाचा म्हणाले, “आणि काच काढा म्हणून काल तिनेच सांगितले.”

मुलगा गप्प झाला. चौथ्या दिवशी कतीज आल्या. कतीज म्हणजे आपली भिंगरी. दुभंगलेल्या शेपटीची, जेमतेम २० ग्रॅमची. त्या मोकळ्या चौकटीतून बाणासारखी आत शिरली नि थेट जुन्या घरट्यावर बसली. दुपारपासून नवराबायकोने झेलमच्या काठचा चिखल चोचीने आणून डागडुजी सुरू केली. चाची अंथरुणावरून उठून, भिंत धरीत, जिन्यापर्यंत आल्या आणि बराच वेळ वर पाहत उभ्या राहिल्या.

मी मे महिन्यात बदलून परत आलो. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग महिन्याच्या अखेरीपर्यंत बर्फाविना कोरडे राहिले, तेव्हा मी फोन केला. चाची शरद ऋतूतच गेल्या होत्या. “चिल्लई रुसली आहे, जनाब,” एवढेच चाचा हवेबद्दल बोलले. खिडक्यांच्या नव्या चौकटी बसल्या होत्या. जिन्यातली एक मुलाने जुनीच ठेवली, असे त्यांनी आपणहून सांगितले.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास त्यांचा फोन आला. “आमच्या कतीज केव्हाच निघाल्या. तुमच्याकडे पोचल्या का?”

हिमालयाकडच्या नि त्यापलीकडच्या भिंगऱ्या हिवाळ्याला आपल्याकडे उतरतात, हे खरे. त्यांतल्या हब्बाकदलच्या कोणत्या, असे विचारले तर पक्षिशास्त्राचा पंडित हसेल. मी गॅलरीत गेलो. समोरच्या विजेच्या तारेवर सात-आठजणी ओळीने बसल्या होत्या.

“पोचल्या,” मी म्हणालो.