मूल हवे, पण घर गहाण नको

मुरूड तालुक्यातील काशीदचा किनारा पाहायला मुंबई-पुण्याहून माणसे येतात. त्याच गावात टपरी चालवणाऱ्या एका जोडप्याच्या घरी आम्ही बसलो होतो. लग्नाला सात वर्षे झाली, मूल नाही. सुनेचे दागिने मोडायचे, वर व्याजाने पैसे काढायचे आणि 'टेस्ट ट्यूब बेबी' करायची, असे घरात ठरत होते. नवऱ्याची साधी तपासणीही झालेली नव्हती! म्हणून हे चार शब्द.

बंधू-भगिनींनो, मूल होत नाही म्हटले की बोट बाईकडे जाते. दोष पुरुषातही असू शकतो. वीर्याची तपासणी थोड्या पैशांत होते, ती आधी करावी. आपल्या देशात गर्भनलिकांच्या क्षयानेही वंध्यत्व येते. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कारण सापडल्याशिवाय मोठ्या खर्चात उडी घेऊ नये. मात्र बाईचे वय पस्तिशीकडे झुकले असेल, तर तपासणीला उशीरही करू नये.

शास्त्रीय नोंद असलेली भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के.ई.एम. या पालिकेच्या रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी जन्मली. आज हा उपचार बहुतेक खाजगी दवाखान्यांत होतो. एका खेपेला लाखाच्या वर खर्च येतो आणि यशाची हमी कोणीच देऊ शकत नाही. 2021 च्या कायद्याने अशा केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. पैसे भरण्याआधी नोंदणी जरूर विचारा.

अशा उपचाराने झालेले बाळ अशक्त असते का? जुळी-तिळी झाली की बाळे दिवस भरण्याआधी येतात, वजन अडीच किलोच्या आत भरते. म्हणून एका वेळी एकच गर्भ ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी फिनलंडमधील एकाच घरातील भावंडांची तुलना केली. उपचाराने झालेले आणि आपसूक झालेले मूल यांच्या वजनात फारसा फरक दिसला नाही. म्हणजे केवळ उपचाराला दोष देऊन चालत नाही, घरची परिस्थितीही पाहावी लागते. सगळा पैसा उपचारात गेला आणि गरोदर बाईच्या ताटात डाळ, भाजी, मासळी उरली नाही, तर बाळ कसे बाळसे धरणार?

कामगार स्त्रीला बाळंतपणात विश्रांती आणि भत्ता मिळावा, म्हणून बाबासाहेब 1928 साली मुंबई विधिमंडळात बोलले होते. आज सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत आहे. आजारी बाळाला वर्षभर मोफत उपचार मिळतात. आशाताई घरी येऊन बाळाचे वजन करतात. हे हक्क सोडू नका.

काशीदच्या त्या भावाला आम्ही एवढेच म्हणालो, "दागिने राहू देत. आधी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात तू चल." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सोमवारी टपरी बंद ठेवतो."